मातीमोल

पहाटे ५.४०
धनकवडीतली जुनी सोसायटी. जिन्याखालच्या दिव्यात ताई स्कूटरच्या डिकीत सामान बसवतायत. ओळंबा. पाच मीटरचा टेप. हिशोबाची लांबट वही. सुट्ट्या नोटांचं रबर लावलेलं पुडकं. दोन केळी. उन्हाची टोपी डिकीत मावत नाही, ती हँडलला अडकते. मी मागे बसतो.

ताई आर्किटेक्ट आहेत. वय अडतीस. पाच वर्षांची पदवी, कौन्सिलचा नोंदणी क्रमांक, सगळं रीतसर. पहिली चार वर्षं काचेच्या इमारती करणाऱ्या ऑफिसात काढली. मग नोकरी सोडली. केरळात जाऊन लॉरी बेकरांची घरं पाहिली, ऑरोव्हिलला मातीच्या बांधकामाचा कोर्स केला. आता माती, चुना, जुनं लाकूड यांतच काम करतात. सध्याची साइट भोर तालुक्यात, घरापासून पंचावन्न किलोमीटर. जाऊन-येऊन अडीच लिटर पेट्रोल. रोजचे अडीचशेच्या वर रुपये. फी ठरवताना हे धरायचं राहून गेलं.

सकाळी ७.१०
कात्रजचा जुना बोगदा, खेड-शिवापूर, कापूरहोळला हायवे सोडला. साइटवर पोचेपर्यंत ऊन अंगावर आलंय. मार्चचा मधला आठवडा, पाडवा जवळ आलाय. नऊशे चौरस फुटांचं घर लिंटेलपर्यंत उभं आहे. खाली दोन फूट काळ्या दगडाचा चौथरा, वर तांबूस भिंती. ओढ्यापलीकडे वीटभट्टीचा धूर सरळ वर चाललाय.

ताई घराकडे बघतसुद्धा नाहीत. आधी शेडमध्ये जातात. फळीवर लोणच्याच्या तीन रिकाम्या बरण्या. काल संध्याकाळी त्यांत तीन खड्ड्यांतली माती आणि पाणी घालून, खळखळून हलवून ठेवलं होतं. रात्रीत सगळं खाली बसलंय. तळाला वाळू, मध्ये बारीक पोयटा, वर चिकण. बरणीला पट्टी लावून ताई थर मोजतात. पहिल्या दोन बरण्यांत चिकण पाचात एक. ठीक. तिसरीत जवळजवळ निम्मी.

"ओढ्याकडचा खड्डा बुजवा. तडकेल ती."

काळी माती तर इथं चालतच नाही. पाणी लागलं की फुगते, वाळली की भेगाळते. शेताला चांगली, भिंतीला वाईट. तांबडी, मुरमाड, हातात घेतली की कुरकुरणारी माती हवी. पाया खणताना निघाली ती तशीच होती, म्हणून तर हे घर मातीचं झालं. जी माती बाहेर टाकायला ट्रॉलीमागं पैसे मोजावे लागले असते, तीच भिंतीत जातेय.

सकाळी ७.४५
चाळलेल्या मातीची वीस घमेली. क्रशरच्या कचीची सहा. सिमेंटची अर्धी गोणी. दोघं जण फावड्यानं ढीग या बाजूचा त्या बाजूला करतात, तीनदा. मग झारीनं पाणी, अगदी थोडं. सिमेंटला पाणी लागलं की घड्याळ सुरू होतं. तासाभरात हा ढीग संपलाच पाहिजे, म्हणून पूर्ण गोणी एकदम कधी फोडत नाहीत.

पाणी पुरे झालं की नाही, हे सांगायला कुठलंही यंत्र नाही. टोळीतल्या मावशी मूठभर माल घेतात, लाडवासारखा वळतात, कमरेइतक्या उंचीवरून सोडतात. भुगा झाला तर कोरडं. तसाच आख्खा पडला तर ओलं. लाडू फुटून चार-पाच तुकडे होतात.

"झालं. घाला."

सकाळी ८.००
प्रेस म्हणजे लोखंडी साचा आणि माणसाहून लांब दांडा. वीज नाही, डिझेल नाही. महिन्याला सहा हजार भाडं. साच्यात माल भरायचा, कोपरे बोटांनी दाबायचे, झाकण ओढायचं. दोघं जण दांड्याला लोंबकळल्यासारखे खाली येतात. कर्र. दांडा उलटा फिरवला की खालून ब्लॉक वर येतो. धारदार कडांचा, ओलसर, तळव्याला गार. २९० मिलिमीटर लांब, १४० रुंद, ९० उंच. मी एक उचलून बघतो. पावणेआठ किलो. साध्या दोन विटांची जागा हा एकटा घेतो, आणि याला भट्टी लागत नाही.

सहा जणांची टोळी. तीन बाया, तीन गडी. मिनिटाला एक ब्लॉक. ब्लॉक उचलून रांगेत लावायचं काम मावशींकडं आहे. दोन्ही तळव्यांत धरायचा, बोटं कडेला लावायची नाहीत. दहा ब्लॉक झाले की मावशी कट्ट्यावर एक खडा ठेवतात. संध्याकाळपर्यंत अठ्ठेचाळीस खडे होतील. म्हणजे दिवसभरात साडेतीन टनांहून जास्त माती त्यांच्या हातांतून गेली.

मजुरी नगावर. ब्लॉकला सहा रुपये, सहा जणांत सारखे. इकडं इतरत्र गड्याला सहाशे आणि बाईला चारशे असा रोज आहे. इथं वाटणी सारखी ठरवली तेव्हा पहिले दोन दिवस गडी नाराज होते. मग त्यांच्या लक्षात आलं की रांग लावणारी थांबली तर दांडाही थांबतो.

ताई वहीत मांडून दाखवतात. एका ब्लॉकला सिमेंट तीन रुपये, कच दोन, मजुरी सहा, भाडं-पाणी मिळून एक. बारा रुपये. दोन विटांचे अठरा झाले असते. मातीच्या रकान्यात रोज एकच आकडा. शून्य.

सकाळी १०.००
न्याहारी. चपाती, लसणाची चटणी, डब्याच्या झाकणात चहा. चहा मालकाच्या खर्चानं, दिवसाला शंभर रुपये.

परवाचे ब्लॉक प्लास्टिकखाली, त्याआधीचे उघडे. रोज दोनदा शिंपायचे, अठ्ठावीस दिवस. आज दाबलेला ब्लॉक भिंतीवर चढेल तो एप्रिलच्या मध्याला. खालच्या भिंतींचे चार हजार जानेवारीत पाडले होते. आता वरच्या तिकोण्या आणि बाथरूमसाठी अडीच हजार पाडायचेत. मृगाच्या आत कौलं चढली पाहिजेत. भोरकडचा पाऊस ओल्या तिकोणीला दया करत नाही.

सकाळी १०.३०
मिस्त्रींना सगळे मामा म्हणतात. पंचावन्नच्या आसपास असतील. रोज नऊशे, हाताखालच्याला सहाशे. मामांची थापी झिजून पानाच्या आकाराची झालीय. दोरी ताणली, ब्लॉक पाण्यात बुचकळला, माल पसरला, ब्लॉक ठेवला, थापीच्या मुठीनं दोन टोले. सांधा एक सेंटिमीटर, त्याहून जाड नाही. ब्लॉक एकसारखे असतात म्हणून सांधा पातळ बसतो, आणि सांधा पातळ म्हणून सिमेंट वाचतं.

ताई ओळंबा सोडतात. वरच्या कोपऱ्यात दोन मिलिमीटरची फट. काही बोलत नाहीत, नुसतं बोट ठेवतात. मामा बघतात, शेवटचे तीन ब्लॉक उचलतात, माल खरवडतात, परत लावतात.

"विटेचं काम असतं तर प्लास्टरखाली झाकलं असतं," मामा म्हणतात. "हितं बाहेरून काहीच लावायचं न्हाई. उघड्यावरचा संसार."

दुपारी १२.००
शेडमध्ये कॉलेजातून आलेला शिकाऊ पोरगा लॅपटॉप घेऊन बसलाय. चौथ्या वर्षाचं ट्रेनिंग. ताई त्याला महिना आठ हजार देतात, त्यातले अडीच हजार गावातल्या खोलीला जातात. त्याच्या वर्गातले बाकीचे पुण्या-मुंबईत, एसी ऑफिसात. त्यानं खिडकीच्या सज्जाचं डिटेल काढलंय. स्क्रीनवर सुंदर दिसतंय.

"किती बाहेर काढलायस?"

"एक फूट."

"पश्चिमेला? पाऊस कुठून येतो इथं?"

तो उठतो. पश्चिमेच्या भिंतीपाशी जाऊन उभा राहतो. डोंगराकडं बघतो. परत येऊन दोन फूट करतो. मातीच्या भिंतीचं अर्धं आयुष्य चौथऱ्यावर ठरतं, अर्धं छपराच्या पुढे आलेल्या वळचणीवर.

दुपारी १.००
जेवण. आंब्याखाली. भाकरी, पिठलं, कांदा. ताई टोळीतच बसतात. डब्यांची देवाणघेवाण होते. प्रेसवाला एक जण डाव्या खांद्याला तेल चोळून घेतो. मग वीस मिनिटं कुणी कुणाशी बोलत नाही. डोक्यावरची टोपी तोंडावर येते.

दुपारी २.०५
घरमालकांचा फोन. निवृत्त शिक्षक, मूळचे औसा तालुक्यातले, आता पुण्यात. पैशांचं बोलून होतं, मग आवाज जरा उतरतो.

"आई विचारतेय, पट्टा घातला का?"

आई ऐंशीच्या पुढच्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे त्या किल्लारीजवळच्या गावात होत्या. वेळ पहाटे चारच्या जरा अलीकडची, लोक गणपती विसर्जन करून झोपलेले. तिथली घरं दगड-मातीची. भिंती दोन-अडीच फूट जाड, पण आतला थर आणि बाहेरचा थर यांना बांधणारा आरपार दगड नाही. माथ्यावर माळवद, त्यावर वर्षानुवर्षं घातलेली पांढऱ्या मातीची भर. थर सुटले आणि सगळं वजन खाली आलं. त्यानंतर मराठवाड्यात मातीचं घर म्हटलं की म्हातारी माणसं आधी वर बघतात.

ताई या प्रश्नाला कधी कंटाळत नाहीत. फोन धरूनच भिंतीपाशी जातात, व्हिडिओ लावतात. चौथऱ्यावरचा काँक्रीटचा पट्टा. खिडकीखालचा. लिंटेलचा, ज्याच्या सळया अजून उघड्या आहेत. कोपऱ्याकोपऱ्यातून वर आलेली उभी सळई.

"आजी, ही बघा. चौथा पट्टा छपराखाली येणार. पेटीला दोरी बांधतो ना, तसं."

पलीकडून थोडा वेळ काहीच नाही. मग, "माळवद न्हाई ना करनार?"

"नाही आजी. कौलं."

"मग बरंय."

दुपारी ३.१०
बँकेकडून पाहणीला माणूस आलाय. आठ लाखांच्या कर्जाचा तिसरा हप्ता त्याच्या कागदावर अडलाय. पांढरा शर्ट, हातात फॉर्म. भिंतीवर बोटाचं पेर वाजवून बघतो.

"मटेरियल काय म्हणायचं?"

"माती. दाबलेली. सिमेंट सहा टक्के. आयएस १७२५ ला धरून आहे."

त्याच्या फॉर्मवर आरसीसी आहे, वीट आहे, दगड आहे. माती 'कच्चे' या शब्दाशेजारी आहे. कच्च्यावर खूण केली तर हप्ता थांबणार. तो ताईंकडं बघतो, ताई त्याच्याकडं. शिकाऊ पोरगा शेडमधून लॅबचा रिपोर्ट आणतो. बँकेचा माणूस तो तीन मिनिटं वाचतो, चाळत नाही, वाचतो. मग 'इतर' पुढच्या रिकाम्या रेघेवर लिहितो: ब्लॉक, लोड बेअरिंग.

"माती लिहीत नाही मॅडम. वर प्रश्न येतात."

तो गेल्यावर ताई मोजून दाखवतात. सिमेंटवाल्याच्या बिलावर ब्लॉक. मालकांनी शेजाऱ्यांना सांगितलंय, इको ब्लॉक. आता बँकेत ब्लॉक. "माती एकाच कागदावर आहे," म्हणतात, आणि वही मिटतात.

दुपारी ४.१५
टेम्पोतून आलेली जुनी मंगलोरी कौलं. पुण्यातला एक वाडा उतरला, त्याची. नगाला चौदा रुपये, सोळाशे नग. कौलांच्या पाठीवर कारखान्याची छापील अक्षरं, काहींवर पुसट, काहींवर अजून बोटाला लागतील इतकी ठसठशीत. मंगळूरला बासेल मिशननं १८६५ साली पहिला कारखाना काढला, तिथून ही जात सगळ्या कोकण-देशावर पसरली. पोरगा अक्षरांचे फोटो काढतोय. मावशींना अक्षरांशी काम नाही. त्या कौल डाव्या हातावर तोलतात आणि उजव्या हाताच्या पेरांनी वाजवतात.

खणखणीत. उजवीकडं.

खणखणीत. उजवीकडं.

बद्द. आत कुठं तरी चीर आहे, डोळ्यांना दिसत नाही. डावीकडं.

पाऊण तासात डावीकडं नव्वद. ताई मालकांना फोन करून विचारतात, तडकलेल्यांचं काय करायचं. ते म्हणतात, टाकून द्या. मामा भिंतीवरूनच ऐकतात.

पश्चिमेकडं ढग आलेत. वारा पडलाय. सगळे एकदा वर बघतात आणि कामाला लागतात.

संध्याकाळी ५.३०
प्रेसचा शेवटचा ब्लॉक. खडे मोजले, अठ्ठेचाळीस. पण रांगेत चारशे शहात्तर. चार मोडलेत. यावर दहा मिनिटं बोलणं होतं.

"मोडला तो कुणाचा?"

"जमीन वरखाली हाय तिथं. आमचा कसा?"

ताई जाऊन बघतात. रांगेच्या टोकाला खरंच खळगा आहे. पैसे चारशे ऐंशीचे. मोडलेले चार चुरून उद्याच्या मालात जातील. दोन हजार आठशे ऐंशी भागिले सहा. प्रत्येकाच्या हातावर चारशे ऐंशी, रोख. मावशी नोटा पदराच्या गाठीला बांधतात. त्यांच्या तळहातांच्या रेषा मातीनं भरल्यात, धुतल्या तरी तेवढ्या राहतात.

संध्याकाळी ६.१०
मामांचं घर दोन किलोमीटरवर. ताईंना ते आग्रहानं घेऊन जातात. घरकुल मंजूर झालंय. सरकारी मदत एक लाख वीस हजार, हप्त्यांनी. दरवेळी कुणीतरी येऊन बांधकामाचा फोटो काढून नेतं, मग पुढचा हप्ता. भिंती सिमेंटच्या राखाडी ब्लॉकच्या. मागं जुन्या घराची मातीची भिंत अजून उभी आहे, मामांच्या आजोबांनी घातलेली. तिच्या सावलीत म्हैस बांधलीय.

मी विचारतो, तुम्ही मातीत का नाही बांधलं?

"मातीत जानाऱ्या माझ्या चौदा दिवसांची हजेरी कोण देनार? आन् पोराची सोयरीक हाय. पाहुनं आलं की आदी भिंत बघत्यात."

ताई यावर वाद घालत नाहीत. खिशातून पेन काढून सिमेंटच्या रिकाम्या गोणीवर स्लॅब काढतात. सळयांची जाळी, जाळीच्या प्रत्येक घरात दोन कौलं पालथी, एकावर एक. स्लॅबच्या खालच्या अंगाला काँक्रीट नुसतं वजन असतं, तिथं कौल बसलं तरी चालतं. मधली हवा ऊनही अडवते. बेकरांनी केरळात अशा कितीतरी स्लॅब टाकल्या. मामांच्या खोलीला बावीस गोण्या लागणार होत्या, चार वाचतील.

"सळया मी सांगते तशाच बांधायच्या. ओतताना मी येईन."

"कौलं?"

"मालक टाकून द्या म्हणालेत. टेम्पोचं भाडं तुमचं."

मामा खिडकीच्या चौकटीला टेकून गोणीवरचं चित्र बघत राहतात. मग गोणी चौघडी करून आत नेतात.

रात्री ८.४०
धनकवडी. कुकरच्या तीन शिट्ट्या. ताईंच्या टेबलावर उद्याच्या तासाच्या उत्तरपत्रिका. आठवड्यातले दोन दिवस त्या कॉलेजात शिकवतात, तासाला सातशे रुपये. घरभाडं त्यातून निघतं.

मी फीचं विचारतो. बांधकामाच्या खर्चाच्या आठ टक्के. खर्च सतरा लाख, म्हणजे एक लाख छत्तीस हजार. चौदा महिन्यांचं काम, त्यात हे पेट्रोल, त्यात पोराचे आठ हजार.

"हेच घर नेहमीसारखं बांधलं असतं तर अडीच लाख जास्त लागले असते," ताई भाताचं झाकण उघडत सांगतात. "मालकांचे अडीच लाख वाचले. माझे वीस हजार गेले."

चिडून नाही सांगत. वहीतला हिशोब वाचावा तसं सांगतात. पुढच्या घराला टक्केवारीऐवजी ठोक रक्कम मागायची ठरवलंय. मालक शोधायचाय.

रात्री ९.५०
पुण्यात वारा सुटलाय. खिडकीचं दार आपटतं. ताई फोन उचलतात, ठेवतात. आजचे चारशे शहात्तर ब्लॉक अजून ओले आहेत. त्यांच्यावर पातळ प्लास्टिक आहे, कडेला चार-चार विटा. वारं आत शिरलं तर उडेल. पावसाचा थेंब पडला तर त्या धारदार कडा विरघळतील. सहा जणांचा दिवस, चार गोण्या सिमेंट. पोरगा फोन उचलत नाही. झोपला असेल.

रात्री १०.१५
व्हॉट्सॲपवर फोटो. बॅटरीच्या उजेडात निळी ताडपत्री, वर ओळीनं दगड. कोपऱ्यात ओल्या पायजम्याचा एक पाय. खाली एकच शब्द: झाकलय.

ताई फोटो मोठा करून दगड मोजतात. मग वही उघडतात. आजच्या पानावर सगळ्यात वर 'माती', पुढे शून्य. त्याखाली कच, सिमेंट, प्रेसवाले, मिस्त्री, चहा. पान भरत आलंय. शेवटच्या ओळीत लिहितात: मामा, रात्रीचं जादा काम, एक तास, दीडपट. १७० रुपये.

आणि उद्याच्या पुडक्यात तेवढ्या नोटा वेगळ्या काढून ठेवतात.